थानासिसची लेक

त्या गुरुवारी सकाळी अरेती उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती आणि तिचे वडील थानासिस अंगणात गाडीची काच पुसत होते. समोरची नव्हे, शेजारच्या सीटची. तिथे तूरिल बसायची.

तूरिल नॉर्वेची. सहा वर्षं ती दर वसंतात आठवडाभर त्यांच्याकडे उतरायची आणि थानासिस तिला डोंगरभर फिरवायचे. एक दिवस पडक्या प्राचीन ग्रीक देवळाचे खांब, एक दिवस वरचं पठार, एक दिवस घाट उतरून समुद्र. अरेती घरातल्या पाच भाड्याच्या खोल्या सांभाळायची. ते खांब घरापासून वीस मिनिटांवर होते. ती शेवटची तिथे गेली ती शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही सगळा वेळ गाडी लागून आडवी होती.

"थर्मास भरलास?" थानासिसनी खिडकीतून विचारलं.

"भरला. ऑलिव्हपण दिलेत. बिया काढून."

"बिया कशाला काढल्यास?"

"पाहुणीच्या दातांना त्रास नको."

"शाबास," म्हणून ते गेले. तूरिलने हात हलवला. अरेतीने अभ्र्यावर इस्त्री जरा जास्तच वेळ दाबून धरली.

संध्याकाळी थानासिस परतले, मसुराची आमटी जेवले, मीठ कमी असल्याचं बोलले, झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होती. आदल्या रात्री अरेतीने गहू उकडले, त्यात डाळिंब, बदाम आणि साखर घालून प्रार्थनेनंतर वाटायचं ताट सजवलं. तूरिल विमानाने आली. तिचा काळा पोशाख आपल्या काळ्या पोशाखाहून चांगला बेतलेला आहे, हे अरेतीने प्रार्थना चालू असताना दोनदा पाहून घेतलं.

खरा घोटाळा झाला तो नंतर, शेजारच्या दालनात कॉफी देताना. घाटापलीकडची माणसं वळणावळणांमुळे उशिरा पोचली ती थेट तिथेच आली. चीजवाला लांब्रोस पुढे होता. त्याने आजूबाजूला पाहिलं, तूरिलकडे गेला, तिला छातीशी धरलं आणि गेलेल्याच्या घरच्यांना म्हणतात ते म्हणाला.

"त्याची आठवण काढायला तू पुष्कळ जग, पोरी."

तूरिलला ग्रीक भाषेतले चार शब्द यायचे, त्यांतले तीन खाण्याचे. उरलेला चौथा तिने वापरला. "हो," ती म्हणाली आणि रडू लागली.

एकाने मिठी मारली म्हटल्यावर दुसऱ्याने मारली. समुद्रावरच्या खानावळवाल्या बाईने आणलेला संत्र्याचा केक तिच्या हातात दिला. बघता बघता तूरिलपुढे रांग लागली. रांग पाहून आपल्याच गल्लीतला बहिरा पानोससुद्धा त्यात उभा राहिला, आणि त्याने तर अरेतीला पाळण्यात पाहिलं होतं.

"हे काय चाललंय?" असिमिना आत्या अरेतीच्या कानाशी पुटपुटली. "थांब, मी सांगते त्यांना."

"राहू दे, आत्या. लांबून आलेत बिचारे."

"अगं, पण बाप तुझा गेलाय."

"मग? माझ्यापेक्षा तीच चांगली रडतेय."

अरेती कॉफीचा ट्रे घेऊन लांब्रोसपुढे आली. "त्या कोण?" तिने सहज विचारावं तसं विचारलं.

"तू नवीन दिसतेस कामाला. थानासिसची लेक ती. दर वर्षी आणायचा. म्हणायचा, माझी पोर आहे, परदेशी पाहुण्यांचा भाव लावू नकोस."

"एवढी गोरी आणि उंच?"

"आईवर गेली असेल."

अरेतीची आई सावळी होती आणि स्टुलावर चढल्याशिवाय तिचा हात फळीला पोचत नसे. सहा वर्षं. दर वर्षी आठवडाभर. आणि तेही चीज स्वस्त पडावं म्हणून.

तेवढ्यात अवशेषांवरचा पहारेकरी फोतिस तूरिलपुढे पोचला. त्याने टोपी काढली.

"तुझ्याबद्दल फार बोलायचा तो," फोतिस म्हणाला. "आत गेलीस की माझ्यापाशी बसायचा. म्हणायचा, घरातली सगळी पुस्तकं वाचून झालीत पोरीची. म्हणायचा, मी अंगणात पाहुण्यांना जुन्या राजांची नावं चुकीची सांगतो, ती घरातून ऐकते आणि ओठ चावते. पण चारचौघांत बापाला खोटं पाडत नाही."

"हो," तूरिल म्हणाली.

अरेती ट्रे घेऊन जागच्या जागी उभी राहिली. तूरिलला त्या राजांतला एकही माहीत नव्हता.

"तुझ्या मुरंब्याची बाटली मला आणून द्यायचा. म्हणायचा, पोर नसती तर दोन दिवसांत घराला कुलूप लावावं लागलं असतं."

"हो."

"एवढंच मला कधी कळलं नाही," फोतिस म्हणाला. "तू समोरच खांबांत फिरत असायचीस, आणि हा म्हणायचा, तिला एकदा इथे आणायचंय. पण तिला या दगडांचा कंटाळा, विचारायला मन धजत नाही. म्हटलं, म्हातारा झालाय, डोकं चालत नाही."

तूरिलने डोळे पुसले आणि पुन्हा "हो" म्हणायला तोंड उघडलं.

अरेतीने ट्रे टेबलावर ठेवला. दोन कप कलंडले. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काका, थानासिसची लेक मी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं त्याहून मोठा निघाला. "कंटाळाबिंटाळा काही नव्हता. मला हेवा वाटायचा. मला बाबांबरोबर यायचं होतं."