गालावरचा उजेड

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. देवस्थळींच्या चित्रातला गाल मी पुसला. न्हाणीघरातली बुरशी काढायचा फवारा मारून, भांडी घासायच्या स्पंजाने.

देवस्थळी म्हणजे तोक्योतल्या आमच्या ऑफिसातले सगळ्यांत ज्येष्ठ सॉफ्टवेअर टेस्टर. फुनाबोरीत आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकटे राहतात. कुणाच्याही घरी गेले की आधी दिवे मालवायचे, एक टेबललॅम्प तेवढा ठेवायचा, यजमानाची मान हाताने वळवायची आणि म्हणायचं, "हं, आता दिसलात." एका गणपतीत आमच्याकडे त्यांनी हाच प्रकार केला आणि जोशीवहिनी प्रसादाच्या ताटासकट सोफ्याऐवजी माझ्या मांडीवर बसल्या. देवस्थळी म्हणाले, "वहिनी, हलू नका. कपाळावर काय उजेड आलाय!"

या खुळाचं मूळ एक पोस्टकार्ड. कोबेच्या कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेलं. सतराव्या शतकातल्या एका डच चित्रकाराने ऐन विशीत स्वतःचंच केलेलं तैलचित्र: विस्कटलेले केस, डोळे पार अंधारात, उजेड फक्त एका गालावर आणि कानाच्या पाळीवर. सहा वर्षं दर रविवारी देवस्थळी त्याची नक्कल करत होते. "अंधार आधी, नाक नंतर," हे त्यांचं पालुपद. ऑफिसात बग सापडला तरी तेच.

"बिचाऱ्याने विजेचं बिल भरलं नव्हतं का हो?" मी एकदा विचारलं.

"साठे, त्या वयात माणसाला स्वतःबद्दल जेवढं कळतं, तेवढंच रंगवलंय त्याने."

त्यांचा मुलगा रोहन क्योतोत पीएचडी करतो. आई गेल्यापासून तो तोक्योला फारसा येत नाही. बापाने मराठीत विचारायचं, त्याने जपानीत उत्तर द्यायचं, असा दोघांचा फोन मिनिटभरात संपतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये स्वतःची म्हातारी आई आजारी पडली म्हणून देवस्थळी पुण्याला गेले. बंद घरात पावसाळी दमट हवेत चित्र खराब होईल म्हणून माझ्याकडे ठेवून गेले. "उजेडात ठेवा. हात लावू नका. वरून वाळलेलं दिसतं, पण आतून महिनोन्‌महिने ओलं असतं."

चार दिवसांत बायको म्हणाली, "अहो, डोकं चढलं त्या तेलाच्या वासाने." मी चित्र गाद्यांच्या कपाटात टाकलं आणि विसरलो. महिन्याने काढलं तर त्यावर पांढरी बुरशी. या देशात बुरशी दिसली की आमचा हात फवाऱ्याकडेच जातो. घासलं, आणि स्पंजावर गुलाबी रंग आला.

देवस्थळी परतले, चित्र न्यायला आले. ते उजेडाकडे तिरकं धरून पाहिलं.

"खिडकीपाशीच होतं," मी म्हणालो. "बुरशीने खाल्लं."

"माझंच चुकलं. तेल जास्त झालं असणार." वर माझ्याच पाठीवर थोपटलं. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

चपला घालता घालता म्हणाले, "बाकीचं कार्डावरून पुन्हा होईल हो. गाल तेवढा रोहनचा होता. छापील रंगावरून गाल काही जमेना, म्हणून मेच्या सुट्टीत आला तेव्हा त्याला बसवला. तीन तास बसला. फोनला हात लावला नाही. शेवटी म्हणाला, 'बाबा, मान अवघडली.' मराठीत."

"मग पुन्हा बोलवा की त्याला."

"कुठल्या तोंडाने? एकदा बसला, तेवढंही मला सांभाळता आलं नाही."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी लिफ्टचं बटण दाबून दिलं.

तेव्हापासून त्यांनी ब्रश हातात घेतलेला नाही. रोहनलाही बोलावलेलं नाही. आता कुणाकडे गेले तर दिवे आहेत तसे राहू देतात, मुकाट्याने चहा पितात. जोशीवहिनी म्हणतात, "देवस्थळी किती सुधारले!"

चूक माझी होती, त्यांची नव्हती. एवढं एक वाक्य मी त्यांचं आणि रोहनचं अजून देणं लागतो.