अनसूयेच्या तोंडची तार

१९४५ साल. लढाई संपली होती, पण बाजारात रबर अजून मिळत नव्हतं. अशा दिवसांत मुंबईहून शिकून आलेल्या डॉक्टर लालासाहेबांनी सांगलीत वाकड्या दातांवर संशोधन सुरू केलं. संशोधनाला एक तोंड हवं होतं. ते हळदीचे अडते नाथाजी यांच्या घरी मिळालं.

नाथाजींच्या मुलीचे, अनसूयेचे, वरचे दात इतके पुढे होते, की ती रडतानाही हसल्यासारखी दिसे. बघायला आलेली माणसं पोहे संपवून "कळवतो" म्हणत आणि कळवत नसत. अनसूयेला त्याचं फारसं दुःख नव्हतं. तिला मॅट्रिकला बसायचं होतं. पण ती हे सांगायला लागली की घरचे तिच्या दातांकडेच बघायचे.

डॉक्टरांनी तिच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा घेतला, दातांवर तार चढवली आणि सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या रबरी कड्यांनी वरचा जबडा खालच्याशी जखडला.

"जेवताना सोडायच्या," त्यांनी गंभीरपणे बजावलं. "बोलणं हे वैद्यकीय कारण होत नाही."

पुढच्याच महिन्यात कोरेगावच्या शालूबाई आपल्या मधुकरला घेऊन आल्या.

"सैपाक येतो का गं?" अनसूया गप्प. "सासूला उलट बोलशील?" गप्प. पोहे पुढं केले, तर मानेनंच नको म्हणाली.

"आवं नाथाजी, बोलत न्हाई, खात न्हाई, अन् कवा बी बगा, हसतीच हाय!" शालूबाई हरखल्या. "लय झ्याक पोर! पर एक अट हाय. ती तार काढायची न्हाई."

ही बातमी कृष्णाकाठानं कराडपर्यंत पोचली. सरळ दातांच्या मुलींचे बाप डॉक्टरांच्या दारात रांगा लावू लागले.

"हिच्या दातांत दोष नाही," डॉक्टर म्हणत.

"दातांचं कोण म्हणतंय?" बाप म्हणत.

डॉक्टरांनी प्रबंधात नवा तक्ता घातला: तारेची जाडी, कड्यांचा ताण, लग्न जमलं की नाही. सांगलीत सायकलींना ट्यूब मिळेनाशा झाल्या.

वर्षभरानं लग्न झालं. वरात कोरेगावला आली. उंबरठ्यावर माप ठेवलं आणि बायकांनी दार अडवलं. नाव घेतल्याशिवाय नवी सून आत यायची नाही, ही शालूबाईंच्या घरची रीत. तार काढायची नाही, ही शालूबाईंचीच अट. ऊन चढलं. आत पोळ्या निवत चालल्या. वऱ्हाडात डॉक्टर होतेच. पाहुण्यांना दाखवायला त्यांनी साचाही आणला होता. अखेर "धार्मिक कारणास्तव अंशतः सूट" देऊन त्यांनी कड्या काढल्या.

अनसूयेनं जबडा हलवून बघितला आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"तार घातली डॉक्टरांनी, गप्प बसले वर्षभर,
मधुकररावांचं नाव घेते, मॅट्रिकला बसवणार असाल तर!"

"अगं बया! असलं नाव कुटं असतंय व्हय?" शालूबाई किंचाळल्या.

"आत्याबाई, मी काही इथून हलत नाही," अनसूया म्हणाली आणि मापासमोर पदर खोचून उभी राहिली.

"आई, बसू दे की तिला मॅट्रिकला," मधुकर काकुळतीला आला. "लय भूक लागलीया गं."

अनसूया मॅट्रिक झाली आणि पुढं कोरेगावच्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. मधुकरनं जन्मभर ऐकून घेतलं आणि तो सुखात राहिला. शालूबाईंचे सगळे दात पडले, बोलणं मात्र पडलं नाही. मुलीला शिकवायची कल्पना आपलीच, असं नाथाजी शेवटपर्यंत सांगत. डॉक्टरांचा प्रबंध "निष्कर्ष उपयुक्त, दातांचा उल्लेख अपुरा" अशा शेऱ्यानिशी परत आला.

परवा अनसूयेच्या नातीला तार बसवली. घरी आलेले पाहुणे म्हणाले, "किती शांत, गुणी पोर!"

हे वाचताना ज्यांच्या डोळ्यांपुढं स्वतःची सून उभी राहिली असेल, त्यांनी डॉक्टर लालासाहेबांचा पत्ता विचारू नये. ते आता हयात नाहीत.