चढण्यापुरते गुडघे

एका ढगाळ रविवारी लिफ्टवाल्यांनी आपल्या उजव्या गुडघ्याचा आवाज नीट ऐकून घ्यायचं ठरवलं. एवढंच ठरवलं होतं. यातून पुढे पलंग मोडेल आणि चौतीस वर्षांच्या नोकरीचं भजं होईल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी कानात बोळे घातले असते.

मोटारीचं बेअरिंग गेलंय का, हे बघायची मेकॅनिक लोकांची एक जुनी रीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतली खरखर स्वच्छ ऐकू येते. लिफ्टवाले खुर्चीवर बसले, टोक गुडघ्याच्या वाटीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पाय हळूहळू हलवला.

"बाबा, काय करताय?" मुलगी दारात उभी होती.

"ऐकतोय."

"काय म्हणतोय तो?"

"बेअरिंग गेलंय म्हणतोय."

मुलगी हसली. लिफ्टवाले हसले नाहीत. कारण शुक्रवारी कंपनीच्या फळ्यावर एक कागद लागला होता. पंचावन्न वर्षांवरच्या सगळ्या मेकॅनिकांची जिन्याची परीक्षा होणार होती. बारा मजले, हत्यारांच्या पिशवीसकट, वीस मिनिटांत. जो नापास होईल त्याची बदली फोनच्या खोलीत.

फोनच्या खोलीचं नाव काढलं की कंपनीतले लोक आवाज खाली आणत (आजारी माणसाबद्दल बोलताना आणतात तसा). लिफ्टवाल्यांच्या आधीचे तीन मेकॅनिक तिथे गेले होते आणि त्यानंतर ते कुणाला फारसे दिसले नव्हते. तिथे फोन वाजला की समजायचं, कुठेतरी कुणीतरी अंधारात अडकलंय. मग त्याला म्हणायचं, "घाबरू नका, माणूस निघालाय." आणि तो निघालेला माणूस आपण नसायचं.

लिफ्टवाल्यांना दुसरं काहीच येत नव्हतं. गल्लीतही त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. लिफ्टवाले म्हणजे लिफ्टवाले. फोनवाले झाल्यावर लोक काय हाक मारतील, या विचारानं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. बायकोला सांगायची सोय नव्हती. सगळी दुखणी त्यांनी आजवर अंगावर काढली होती आणि आता अंगच ऐकेनासं झालं होतं.

सोमवारी ते एका जिममध्ये गेले. तिसऱ्या मजल्यावरची ही जिम त्यांना माहीत होती, कारण त्या इमारतीची लिफ्ट त्यांच्याच हाताखालची. तिथल्या ट्रेनरबाई पन्नाशीच्या होत्या, केस पांढरे, आवाज शाळेच्या घंटेसारखा.

"उड्या मारायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "धावायचं नाही, खोल बैठका नाहीत. सायकल चालवा, ती जागच्या जागी. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि बसा. आणि ही पायरी. हळू चढायचं, त्याहून हळू उतरायचं. तुमच्या-माझ्या वयात गुडघा दगा देतो तो उतरताना."

"उतरायचं सोडा हो. फक्त चढण्याचं सांगा."

"का?"

"मला उतरावं लागत नाही."

"वर जाऊन परत न येणारे मी पुष्कळ पाहिलेत," त्या म्हणाल्या, "पण ते व्यायामाला येत नाहीत."

लिफ्टवाल्यांनी समजावून सांगितलं. लिफ्ट बंद पडते म्हणून मेकॅनिकला गच्चीवरच्या मशीनपर्यंत जिन्यानं चढावं लागतं. पण दुरुस्ती झाली की तो त्याच लिफ्टमधून खाली येतो. यावंच लागतं. जो स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, त्याच्यावर लोकांनी का विश्वास ठेवावा? चौतीस वर्षांत ते हजारो जिने चढले होते, उतरले एकही नव्हते. आणि राहायला तळमजल्यावर होते.

"गुडघ्यांना हे माहीत आहे का?" बाईंनी विचारलं.

त्यांनी त्या प्रश्नाकडे काणाडोळा केला. (मोठी चूक. पण कान बेअरिंगकडे असले की माणसाला बाकीचं ऐकू येत नाही.)

घरी त्यांनी आपल्या डोक्यानं सोय केली. बायको शिवणकाम करायची. तिचं मशीन पुढच्या खोलीत सुरू झालं की हे मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. एक लाकडी ठोकळा, त्याला लागून लोखंडी पेटी, त्याला लागून पलंग. खांद्यावर बारा किलोंची हत्यारांची पिशवी. ठोकळ्यावर पाय, पेटीवर पाय, पलंगावर पाय. वर पोचलं की बसायचं, पलीकडच्या बाजूनं अलगद घसरायचं, वळसा घालून पुन्हा ठोकळ्यापाशी. ऐंशी वळसे म्हणजे बारा मजले, असा त्यांचा हिशोब होता. उतरण्याचा प्रश्न त्यांनी मुळातूनच काढून टाकला होता.

चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी त्रेसष्टाव्या वळशाला पलंगानं "कड्" असा आवाज केला. लिफ्टवाल्यांना वाटलं गुडघा गेला, म्हणून ते ऐकायला थांबले. तेवढ्यात मधली फळी मोडली आणि ते पिशवीसकट कमरेपर्यंत पलंगात गेले.

शिवणाचं मशीन थांबलं. दार उघडलं.

"अहो!"

"काही नाही, काही नाही."

"काही नाही काय? पलंगात उभे आहात तुम्ही!"

"फळी जुनी होती."

"आणि खांद्यावर पिशवी कशाला? पलंगाची लिफ्ट बंद पडली होती?"

मग मात्र त्यांना सगळं सांगावं लागलं. कागद, परीक्षा, फोनची खोली, गुडघा. पलंगातून बाहेर येता येत नसल्यामुळे त्यांनी ते उभ्याउभ्याच सांगितलं. बायकोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गुडघ्याचं मला दोन वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली. "मोजे घालताना तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसता. मला वाटलं, सांगतील आज ना उद्या. काहींचा मेंदू गुडघ्यात असतो म्हणतात. तुमचा तोही झिजला की काय?"

तिनं आणि मुलीनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना बाहेर काढलं.

त्या दिवसापासून व्यायाम उघड झाला. बायको मशीनवरून मान वर न करता मोजायची. "अठरा. एकोणीस. एकोणीस. मघाचा धरला नाही, हात टेकलात." पलंग गेल्यामुळे सगळे जमिनीवर झोपू लागले होते आणि सकाळी जमिनीवरून उठणं हाच दिवसातला सगळ्यात अवघड व्यायाम झाला होता. पण खरंच फरक पडत होता. खुर्चीवरून ते आता न कण्हता उठत. गुडघ्याची खरखरही कमी झाल्याचं त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावून दोनदा पक्कं केलं.

"आता ठोकळ्यावरून उतरायचीही सवय करा," बायको म्हणाली. "त्या बाईंनी सांगितलंय ना?"

"उतरायला लिफ्ट असते."

"आणि नसली तर?"

"नसली तर मी दुरुस्त करतो. तोच तर माझा धंदा आहे."

बायकोनं सुईत दोरा ओवला आणि विषय सोडून दिला.

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. साहेब वयानं त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. हातात घड्याळ आणि कागद घेऊन ते लिफ्टनं बाराव्या मजल्यावर जाऊन उभे राहिले. लिफ्टवाल्यांनी खालून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. बायकोचा आवाज डोक्यात मोजत होता. चौथा मजला, सातवा, दहावा. गुडघे मुकाट्यानं वाकत होते. बाराव्या मजल्यावर ते पोचले तेव्हा धाप लागली होती, पण दुखत काहीच नव्हतं.

"नऊ मिनिटं!" साहेब म्हणाले. "शाबास. मला वाटलं नव्हतं."

लिफ्टवाल्यांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी हात पुढे केला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"ते कशाला?" साहेब म्हणाले. "जिन्यानं."

"आलो की जिन्यानं."

"आता उतरा. वीस मिनिटं चढउताराची आहेत."

"साहेब, पण लिफ्ट चालू आहे."

"आज आहे. उद्या वर कुणी म्हातारं माणूस अडकलं आणि लिफ्ट सुरूच झाली नाही, तर त्याला धरून खाली कोण आणणार? अकरा मिनिटं आहेत तुमच्याकडे. चांगली आहेत."

चांगली होती. पण पहिल्याच पायरीला गुडघा असा काही कळवळला, की जणू त्याला कुणी परक्या गावात सोडून दिलं होतं. अकराव्या मजल्यापर्यंत लिफ्टवाले कठडा धरून आले. दहाव्यापर्यंत आडवे होऊन, खेकड्यासारखे. नवव्या मजल्यावर त्यांनी तोंड फिरवलं आणि शिडीवरून उतरावं तसे पाठमोरे उतरू लागले.

सातव्या मजल्यावर एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या.

"वर येताय की खाली जाताय?" त्यांनी विचारलं.

"खाली."

"बराच वेळ तिथंच दिसताय."

त्या वर गेल्या, भाजी ठेवली, कचरा टाकायला पुन्हा खाली आल्या. लिफ्टवाले सहाव्या मजल्यावर होते. "अजून खालीच ना?" बाईंनी विचारलं आणि त्या टणाटण उतरून गेल्या.

खाली पोचायला एकूण त्रेपन्न मिनिटं लागली. साहेब केव्हाच लिफ्टनं येऊन उभे होते. ते रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'चढण्यास लायक. उतरण्यास नालायक.'

घरी बायकोनं कागद वाचला, घडी घातली, कपाटात ठेवला. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. लिफ्टवाले रात्रीच्या जेवणापर्यंत त्याची वाट बघत होते.

सोमवारी ते डबा घेऊन कंपनीत गेले आणि फोनच्या खोलीची वाट विचारली. चौतीस वर्षांत त्यांनी तिकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. दारावरच्या रखवालदारानं मागच्या बोळाकडे बोट दाखवलं. बोळाच्या टोकाला जिना होता. सोळा पायऱ्या. सगळ्या खाली जाणाऱ्या.

"फोनची खोली तळघरात आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि लिफ्ट?"

"तळघराला?" रखवालदार म्हणाला. "सोळा पायऱ्यांना कुणी लिफ्ट लावतं का?"

लिफ्टवाल्यांनी कठडा धरला, तोंड फिरवलं आणि डबा सांभाळत पाठमोरा एक पाय खाली सोडला. गुडघा कळवळला. खालच्या अंधुक उजेडातून एक म्हातारा, सावकाश आवाज आला.

"कोण? नवीन का?"

"हो."

"मग असे उलटे कशाला येताय? बसून या. आम्ही तिघांनी बसून बसून कडा चांगल्या गुळगुळीत केल्यात."

लिफ्टवाल्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ते पहिल्या पायरीवर बसले.

"आणि डबा आधी सोडून द्या," आवाज म्हणाला. "तो आपला आपण येतो."

त्यांनी डबा सोडला. तो खणखणत, न अडखळता, सोळाच्या सोळा पायऱ्या उतरून त्यांच्या कितीतरी आधी कामावर हजर झाला.