मान डावीकडे, खुर्ची उजवीकडे

लक्ष्मीकांतरावांची मान अडकली ती टीव्हीपायी, आणि नेमकं हेच त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं.

कारण टीव्हीबद्दलचं त्यांचं मत बडोद्याच्या अख्ख्या दांडिया बाजाराला पाठ होतं. "टीव्हीवर कसला आलाय अभिनय? डोळ्यातून निघालेलं टिपूस हनुवटीवर पोचेपर्यंत आठवडा जातो, आणि वाटेत साबणाची जाहिरात!" असं ते भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ऐकवत. नाटक म्हणजे नाटक. तेही ते सहजासहजी पास करत नसत. मुंबईचे नट बडोद्याला येताना अर्धा अभिनय घरी ठेवून येतात, मध्यंतरातला बटाटावडा हल्ली दुसऱ्या अंकापेक्षा जास्त रंगतो, अशी त्यांची मतं स्टँडवरची स्कूटर सुरू होण्याआधीच तयार असत. टाळ्या ते वाजवत, पण हात राखून. आणि 'वन्स मोअर' तर त्यांनी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. तेवढ्या लायकीचं अजून कुणी भेटलंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पणजोबा संस्थानच्या दरबारात मोठे कारकून होते. त्यामुळे दुसऱ्याच्या कामावर शेरा मारणं हा आपला वडिलोपार्जित हक्क आहे, असं विद्यापीठाच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या लक्ष्मीकांतरावांना मनापासून वाटे.

तर घरात केबल आली. टीव्ही दिवाणखान्यात डाव्या कोपऱ्यातल्या कपाटावर चढला. लक्ष्मीकांतराव रोज संध्याकाळी खिडकीकडे तोंड करून, हातात पेपर उघडून बसू लागले आणि मान तेवढी डावीकडे वळवून एका मालिकेतल्या इस्टेटीच्या भांडणाचा निकाल काय लागतो ते बघू लागले. कुणी आलंच तर मान सरळ केली की झालं, सद्गृहस्थ पेपर वाचताहेत. हा बंदोबस्त महिनाभर सुरळीत चालला. मग एका सकाळी दाढी करायला ते आरशासमोर उभे राहिले, तर आरशात त्यांना स्वतःचा उजवा कान दिसला. मान डावीकडे गेली होती आणि परत यायला तयार नव्हती.

एरवी त्यांनी ही गोष्ट मनावर घेतली नसती. पण शनिवारी निरुपमाबाईंचं नाटक होतं.

निरुपमाबाई शाळेत भूगोल शिकवत. लग्न झाल्यापासून प्रत्येक नाटकाहून परतताना स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून त्यांनी नवऱ्याची मतं ऐकली होती. यंदा मंगळवार नाट्य मंडळाने त्यांना वार्षिक नाटकात चक्क मुख्य भूमिका दिली. विधवा आक्का, जी शेवटच्या अंकात नवऱ्याच्या रिकाम्या आरामखुर्चीशी बोलते आणि घर सोडून निघते. भूमिका मिळाली त्याच दिवशी त्यांनी घरात कायदा केला.

"तालमीला यायचं नाही. मधेच मत द्यायचं नाही. प्रयोगाला समोर बसायचं, नीट बघायचं, आणि मग काय ते खरं सांगायचं. साऱ्या जगाच्या अभिनयावर बोललात, एकदा माझ्याही बोला."

लक्ष्मीकांतराव 'हो' म्हणाले खरे. पोळी वातड झाली तरी त्यांना ते गिळून गप्प बसता येत नसे. बायकोचा अभिनय वातड झाला तर? रोज कणीक मळताना ती संवाद म्हणायची, ते ऐकून ऐकून त्यांना अख्खी आक्का पाठ झाली होती. पण ऐकणं वेगळं, बघणं वेगळं. आणि आता तर बघण्याचीच पंचाईत.

"मान कशाने अडकली म्हणे?" निरुपमाबाईंनी विचारलं.

"पेपर वाचून."

"पेपर तर समोर असतो."

"अग्रलेख डावीकडे असतो ने!" लक्ष्मीकांतराव बडोदेकरी मराठीत म्हणाले आणि डोकं चालवून त्यांनी एक तोडगा काढला. मान डावीकडे, म्हणजे खुर्ची उजवीकडे. पहिल्या रांगेतली अगदी उजव्या टोकाची खुर्ची घेतली की आखडलेली मान आपोआप रंगमंचाकडे. तसं त्यांनी तिकीट बदलूनही आणलं. प्रश्न मिटला होता. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट घडली नसती.

पण शनिवार हा त्यांच्या मालिशचा वार.

घडियाळी पोळ नावाच्या गल्लीच्या तोंडाशी धनाजीरावांची मालिशची खोली होती. धनाजीरावांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, ते स्वतः तरुणपणी कुस्त्या खेळलेले, आणि गिऱ्हाइकाकडे ते अजूनही प्रतिस्पर्धी म्हणूनच बघत. मालिशबद्दलही लक्ष्मीकांतरावांची मतं होतीच. तेल तिळाचं असावं, सुरुवात पायापासून व्हावी, मालिशवाला अबोल असावा. शेवटच्या बाबतीत धनाजीराव पूर्वीपासूनच नापास होते. त्यात या महिन्यात त्यांनी खोलीत टीव्ही बसवला होता.

"अरे साहेब, मान अशी? एक मिनिटाचं काम! बेसा, बेसा." धनाजीरावांनी एक पंजा हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यावर ठेवला. "ढीली सोडा. एकदम ढीली."

"हळू हं. आज नाटक आहे घरचं."

"काळजीच नको. लोण्यासारखी फिरवतो."

आणि खरंच मान लोण्यासारखी फिरू लागली. डावीकडून मध्यावर येत होती. अगदी सरळ होणार, तेवढ्यात टीव्हीवरच्या सासूने सुनेच्या हातातली पूजेची थाळी भिरकावून दिली.

"अरे देवा! मारी नाखी, मारून टाकली सुनेला!" धनाजीराव ओरडले आणि त्यांच्या पंजांनीही थाळीबरोबर उडी घेतली. कट्ट!

टीव्हीवरची सूनसुद्धा दचकली.

"सुटली की नाय?" धनाजीरावांनी विचारलं.

"सुटली," लक्ष्मीकांतराव उजवीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "पण थांबली नाही."

"मग परत थोडी इकडे..."

"हात लावू नका!"

"तेही बरोबर आहे. गरम आहे आता. राहू द्या, दोन-चार दिवसांत आपोआप जागेवर येते." मग धनाजीरावांनी समजूत घातली, "बाजू तर बदलली ना? एकाच बाजूचा कंटाळा येतो माणसाला."

तेलाने चमकणारे लक्ष्मीकांतराव नाट्यगृहात पोचले तेव्हा दुसरी घंटा झाली होती. उजव्या टोकाच्या खुर्चीत बसले तर समोर भिंत आणि तिच्यावरची अग्निशामक बादली. आडवं होऊन बसावं तर पोट खुर्चीच्या हातात अडकत होतं. आता डावं टोक गाठणं भाग होतं. डाव्या टोकाला मंडळाचे अध्यक्ष उदयसिंहराव बसले होते.

उदयसिंहराव तिथे बसत त्याला कारण होतं. त्यांचा डावा कान साफ गेला होता. डाव्या टोकाला बसलं की चांगला उजवा कान रंगमंचाच्या बाजूला यायचा. पण माणूस दिलदार.

"अरे, मंगळवारी तर मान तिकडे होती तुमची!"

"लांबलचक गोष्ट आहे, राव. खुर्ची बदलता का? हिचं पहिलंच नाटक आहे."

"बेसो ने! वहिनींचं काम तुम्हाला दिसलंच पाहिजे. आपल्याला काय, चेहरे दिसले तरी बस!" असं म्हणत ते उजव्या टोकाला गेले, आणि त्यांचा बहिरा कान रंगमंचाकडे झाला.

पडदा उघडला. लक्ष्मीकांतरावांना उजवीकडचा अर्धा रंगमंच दिसत होता. त्यात होती नवऱ्याची रिकामी आरामखुर्ची आणि तिच्यामागची विंग. विंगेत प्रॉम्प्टर भास्करराव मांडीवर नाटकाची वही घेऊन बसले होते. निरुपमाबाईंना मात्र दिग्दर्शकाने डावीकडच्या देवघरापाशी बसवलं होतं. तिचा आवाज ऐकू येत होता. ती दिसत नव्हती.

येईल इकडे, त्यांनी स्वतःला धीर दिला. ती आली नाही. पहिला अंक झाला, दुसरा झाला, आक्का देवघर सोडायला तयार नव्हती. आणि मधूनमधून उजव्या टोकाकडून खणखणीत सवाल येई, "काय म्हणाली?" उदयसिंहरावांना कुणीतरी कानात सांगे. त्यावर "अच्छा, अच्छा!" हेही सगळ्यांना ऐकू येई.

तिसरा अंक सुरू झाला. विंगेत भास्कररावांच्या तोंडावर निळसर उजेड नाचू लागला. लक्ष्मीकांतरावांनी डोळे बारीक केले. भास्कररावांसमोर स्टुलावर एक छोटा टीव्ही होता, त्यावर आवाज बंद करून क्रिकेटचा सामना चालला होता, आणि वही खाली जमिनीवर पडली होती.

इकडे आक्का खुर्चीशी बोलू लागली. सभागृह चिडीचूप. निरुपमाबाईंचा आवाज इतका हळवा झाला होता की लक्ष्मीकांतरावांच्या अंगावर काटा आला.

"तुम्ही गेलात, आणि मला पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक ऐकू आली..."

"काय म्हणाली?" उदयसिंहराव गरजले.

निरुपमाबाई थांबल्या. श्रोत्यांना वाटलं, भावना दाटली. लक्ष्मीकांतरावांना कळलं, वाक्य गेलं. पुढचं वाक्य होतं, 'एवढी वर्षं तुम्हीच बोललात, आता मी बोलते.' त्यांनी भास्कररावांकडे हात हलवला. भास्कररावांनी त्याच क्षणी आनंदाने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. कुणीतरी चौकार मारला असावा. शांतता लांबत चालली. मागे कुणीतरी खोकलं. लक्ष्मीकांतरावांच्या कपाळावरून तेल आणि घाम एकत्र ओघळू लागला. बायकोची अशी फजिती होताना त्यांना बघवेना, म्हणजे ऐकवेना. ते उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ओरडले,

"अगं, एवढी वर्षं मीच बोललो! आता तू बोल की!"

सभागृहातून एक शिरशिरी गेली. अंधारातून नवऱ्याचा आवाज आला होता! मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. आणि मग निरुपमाबाईंचा आवाज आला. आता त्यात रडू नव्हतं.

"हो, बोललात! नाटकावर बोललात, नटांवर बोललात. वड्याच्या आकारावर बोललात. माझ्या पोळीवर तर रोज बोललात. आता मी बोलते. तुम्ही ऐका."

यातलं 'आता मी बोलते' एवढंच नाटकात होतं. टाळ्यांनी छप्पर दणाणलं. लक्ष्मीकांतराव मुकाट्याने खाली बसले आणि त्यांनी ऐकलं.

घरी जाताना रिक्षात निरुपमाबाई फुललेल्या होत्या. वेणीत गजरा, हातात नारळ. "मग? सांगा आता. खरं सांगायचं."

"आवाज फार..."

"आवाज राहू द्या. काम कसं झालं?"

लक्ष्मीकांतरावांना खोटं बोलता येत नव्हतं. "निरू, मला तू दिसलीच नाहीस. खुर्ची दिसली. भास्करराव दिसले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. धनाजीराव, थाळी, अगदी अग्रलेखाचं खोटंसुद्धा. निरुपमाबाई रस्त्याकडे बघत राहिल्या, आणि लक्ष्मीकांतरावांना त्यांच्याकडे वळून बघताही येईना, कारण त्या डावीकडे बसल्या होत्या. आयुष्यात इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आशा एकच होती. केबलवाल्या जिग्नेशने नाटकाचं शूटिंग केलं होतं आणि पुढच्या रविवारी सकाळी ते केबलवर दाखवणार होता. तोवर मान खरंच जागेवर आली. लक्ष्मीकांतरावांनी स्वतः टीव्ही कपाटावरून उतरवला, दिवाणखान्याच्या मधोमध ठेवला आणि दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून त्याच्यासमोर ताठ बसले. शेजारीपाजारी जमले. उदयसिंहराव चांगला कान टीव्हीला लावून बसले.

दोन अंक दिसले. तिसरा आला. आक्का खुर्चीकडे वळली, "तुम्ही गेलात, आणि मला..." लक्ष्मीकांतराव पुढे सरकले. "काय म्हणाली?" टीव्हीतून उदयसिंहराव गरजले. शांतता पसरली. आणि "अगं, एवढी वर्षं" हे शब्द येताच जिग्नेशचा कॅमेरा गर्रकन श्रोत्यांकडे फिरला.

पडद्यावर लक्ष्मीकांतराव. मान वाकडी, तोंड तेलकट, हात दोन दिशांना. जिग्नेशला ते इतके आवडले होते की अंक संपेपर्यंत कॅमेरा त्यांच्यावरून हललाच नाही. निरुपमाबाई पुन्हा नुसत्या ऐकू आल्या.

"आवाज बरा आहे," निरुपमाबाईंनी मत दिलं. "पण हातवारे फार. आणि रंगभूषा जरा कमी तेलकट हवी होती."

दिवाणखाना हसून हसून लोळला. लक्ष्मीकांतरावही हसले, पण मंडळी चहा पिऊन गेली तेव्हा ते तसेच बंद टीव्हीसमोर बसून होते. "आता मला कधीच दिसणार नाही ते," ते म्हणाले.

निरुपमाबाईंनी कपबशा खाली ठेवल्या. दार लोटलं. टीव्ही भिंतीकडे फिरवला, त्याच्या जागी वेताची खुर्ची ठेवली आणि पदर खांद्यावरून घेतला.

"मान सरळ ठेवा," त्या म्हणाल्या, आणि बोलू लागल्या.

लक्ष्मीकांतरावांनी बघितलं. रोज समोर असलेला चेहरा बघता बघता परका झाला, म्हातारा झाला, एकटा झाला, आणि शेवटी उंबरा ओलांडताना असा काही उजळला की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. निरुपमाबाई थांबल्या. पदर खोचला. पुन्हा निरुपमाबाई झाल्या.

"बोला आता. कसं झालं?"

लक्ष्मीकांतरावांनी तोंड उघडलं. एकही मत सापडेना. आणि आयुष्यभर राखून ठेवलेली गोष्ट त्यांच्या तोंडून कशीबशी बाहेर पडली.

"वन्स मोअर."

निरुपमाबाई लाजल्या. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच लाजल्या.

"संध्याकाळी," त्या स्वयंपाकघराकडे पळत म्हणाल्या. "गॅसवर वांग्याचं शाक आहे. करपलं तर त्यावरही बोलाल."

शाक करपलं होतं. लक्ष्मीकांतरावांनी दोनदा मागून घेतलं.