अक्का फक्त विचारते

पहिल्यांदा वामननानांचं नाव घेतो. डाळ मिलमध्ये माझ्या खिशावर आज ‘सुपरवायझर’ असा बिल्ला आहे, तो त्यांच्यामुळे. मी आठवीनंतर शाळा सोडलेला, कुडाळकडचा. जळगावात रक्ताचं कुणी नाही. म्हणून आधी आभार, मग गोष्ट. गोष्ट सांगताना मी घाबरतो, आणि घाबरलो की आभार राहून जातात.

नाना माझे घरमालक. वय सत्तरीच्या पुढे, माणूस एकटा. त्यांची एक सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. कॉम्प्युटरने काही विचारलं की ते खुर्चीतून उठत, डोक्यावर टोपी घालत आणि उभ्याने त्याची उलटतपासणी घेत.

धुळ्याच्या जकात नाक्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. ट्रक अडवायचा आणि तीन प्रश्न विचारायचे, कोण आहे, कुठून आला, कुठे चालला. पुढे जकात बंद झाली, नाका मोडला, प्रश्न मात्र नानांबरोबर घरी आले. दूधवाल्यालाही चुकत नसत. कॉम्प्युटरमध्ये एखादी नवी गोष्ट शिरायला बघते तेव्हा पडदा काळोखतो आणि मधोमध चौकट येते, याला आत घेऊ का? आपण न वाचता ‘हो’ दाबतो. नाना खड्या आवाजात विचारत, “कोन शे? कथाईन उना? कथा चालना?”

चौकटीत बनवणाऱ्याचं नाव ‘अज्ञात’ असलं की मग बघायलाच नको. “बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, आणि म्हणे आत घ्या! उद्या कानबाईचा रोट पण यालाच वाढा!” कानबाईचा रोट म्हणजे यांच्याकडचा कुळाचा प्रसाद, फक्त घरच्यांनी खायचा. एवढं बोलून ‘नाही’ दाबत. दोन वर्षांत त्यांनी ‘हो’ दाबलेलं मी पाहिलं नव्हतं.

“नाना, एखाद्याला तरी सोडा,” मी म्हणायचो.

“माझ्या हातात काय शे, कोकणभाऊ? बठ्ठं, सगळं अक्काच्या हातात.”

या अक्का मला भेटल्या त्या अशा. मी राहायला आलो तेव्हाचा मे महिना, दुपारचे तीन. उन्हाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून नानांनी खिडक्या लावून घेतलेल्या. मी त्यांची बादली परत द्यायला गेलो, तर खोलीत अंधार, पडदाही काळवंडलेला, आणि त्या काळोखात एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा. पांढरे केस, जाड चष्मा, नजर सरळ माझ्यावर. समोर नाना मान खाली घालून उभे. मला वाटलं, व्हिडिओ कॉल. मी बादली खाली ठेवली, हात जोडले.

“नमस्कार अक्का. जेवण झालं?”

बाईची पापणीसुद्धा हलली नाही.

“ती बोलत नाही,” नाना हळूच म्हणाले. “फक्त विचारते.”

संध्याकाळी नळावर शेजारीण म्हणाली, “कोण अक्का? नानांची मोठी बहीण? त्यांना जाऊन वर्ष झालं की!”

मला दोन दिवस ताप होता. आमच्या कोकणात असल्या मंडळींची सवय असते, नाही असं नाही. पण ती वडावर राहतात, विहिरीवर राहतात, त्यांची हद्द ठरलेली असते. ही बाई विजेवर चालत होती.

पुढे नानांनीच उलगडा केला. अक्का पाचोऱ्याला टायपिंगचे वर्ग घ्यायच्या. कॉम्प्युटर त्यांचा, मुख्य खातं त्यांच्या नावाचं, त्यावर त्यांचा फोटो. नानांना त्यांनी हाताखालचं छोटं खातं काढून दिलेलं. त्यामुळे आत यायला कुणी परवानगी मागितली की कॉम्प्युटर अक्कांचा फोटो पुढे करून त्यांचा पासवर्ड मागायचा. “मालकीण ती,” नाना म्हणाले. “मी पोटभाडेकरू.” आणि अक्कांनी घातलेलं टायपिंगचं कुठलंसं सॉफ्टवेअर नवं रूप घ्यायला रोज दुपारी तीनला दार ठोठावायचं. म्हणून अक्का रोज तीनला यायच्या.

उलगडा झाला तरी भीती गेली नाही. कारण तीननंतर भिंतीपलीकडून आवाज यायचा. टक. टकटक. टक-टक-टक. टक. मग शांतता. पुन्हा तेच. कीबोर्डचा नव्हे, लाकडावर बोटं वाजवल्यासारखा. मी खाट दुसऱ्या भिंतीला लावली. आवाज तिथेही आला.

दोन वर्षं अशी गेली आणि मिलच्या शेठनी मला बोलावलं. पॅकिंग विभाग माझ्याकडे द्यायचा, पण अन्न सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर दुसरा माणूस येणार आणि मी गावची गाडी धरायची. आठवी पास चालत होतं, हेच माझं नशीब. परीक्षा रविवारी दुपारी बारा वाजता, घरून द्यायची. मोबाइल चालणार नाही, कॉम्प्युटरच पाहिजे, खोलीत दुसरं कुणी नको, आणि परीक्षार्थीवर नजर ठेवणारं त्यांचं सॉफ्टवेअर आधीच घालून ठेवायचं.

शुक्रवारी सकाळी मी नानांसमोर हात जोडले. त्यांनी लगेच कॉम्प्युटर लावून दिला. मी बटण दाबलं. पडदा काळोखला. अक्का आल्या.

नाना उठले, टोपी घातली. “कोन शे? कथाईन उना?”

“नाना, परीक्षेचं आहे ते. माझं आहे.”

“बनवणारा अज्ञात.” त्यांनी ‘नाही’ दाबलं.

मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा ‘नाही’. तिसऱ्यांदा माझा तोल गेला. जे बोलू नये ते बोललो. “तुम्हाला कुणाचं भलं बघवत नाही, नाना! नाका बंद झाला तुमचा! आता कुणाला अडवताय?”

नाना खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. पडद्यावर अक्का आम्हा दोघांकडे बघत होत्या.

“मी कुणाला अडवत नाही रे,” ते म्हणाले. “मला पासवर्डच माहीत नाही.”

“म्हणजे तीन वर्षं...?”

“‘नाही’ला पासवर्ड लागत नाही.”

मग म्हणाले, “टायपिंगवाली बाई. पासवर्ड टाकताना तिची बोटं दिसायचीच नाहीत. मी शेजारी बसायचो, मला नुसता आवाज पाठ झाला.” आणि त्यांनी टेबलाच्या फळीवर बोटं वाजवली. टक. टकटक. टक-टक-टक. टक. भिंतीपलीकडचा आवाज तो हाच. “रोज वाजवून बघतो. वाटतं, बोटांना आपोआप अक्षरं आठवतील.”

आम्ही दुपारपर्यंत बसलो. आईचं नाव, कुलदैवत, गाव, अक्कांच्या मांजरीचं नावसुद्धा. प्रत्येक वेळी ‘चूक’, आणि तो चेहरा तसाच, न कंटाळलेला.

“दुकानात नेलं तर?” मी भीत भीत विचारलं.

“नेलं होतं, ती गेली तेव्हा. तो म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकतो, फायली तेवढ्या काढून देतो.” नानांनी पडद्याकडे बघितलं. “फायलींचं काही नाही, भाऊ. पण मग ही परत विचारायला येणार नाही ना.”

मी उठून माझ्या खोलीत आलो आणि पत्र्याची पेटी काढून कपडे भरायला लागलो.

शनिवारी सकाळी नाना अंगणात दिसले, रिक्षात बसताना. मांडीवर कॉम्प्युटरचा डबा, आजाऱ्याला न्यावा तसा टॉवेलात गुंडाळलेला. मी धावत गेलो. “नाना, नको! राहू द्या!”

“तू घरात थांब. अभ्यास कर.”

संध्याकाळी परत आले. कॉम्प्युटर जोडला, मला बोलावलं. मी बटण दाबलं. चौकट आली. आत चेहरा नव्हता, पासवर्ड नव्हता, नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’. नाना उठले नाहीत. टोपी खुंटीवरच होती. बसल्या बसल्या त्यांनी ‘हो’ दाबलं आणि “पाणी आणतो” म्हणून आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

रविवारी मी पेपर दिला. नाना उन्हात दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, कुणी आत येऊ नये म्हणून. मी पास झालो.

दुकानदार म्हणाला होता, नव्या खात्यावर तोच फोटो परत लावून देतो. नाना नको म्हणाले. आता तीन वाजता पलीकडे काही वाजत नाही. मला वाटलं होतं, भीती जाईल. उलट ती शांतता ऐकत मी पडून राहतो.

हे मी कसं फेडणार? मी विचार करून ठेवला आहे. नाना थकले आहेत. उद्या त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, तर डॉक्टर कागद पुढे करतील, ऑपरेशनला परवानगी द्यायला जवळचं कोण आहे म्हणून विचारतील. तो दिवस देव लांब ठेवो. पण आला, तर मी जिथे असेन तिथून येईन आणि त्या कागदावर सही मी करीन.