वातानुकूलित हलगी

मातीचा अस्सल आवाज टिपायचा असेल तर खोलीचे तापमान बावीस अंशांवर ठेवावे लागते, हे आता सर्वमान्य झाले आहे. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून संगीतकार झालेल्या सुदर्शनचीही त्यावर श्रद्धा होती.

त्याचा पहिला सिनेमा कात्रजकडच्या बजरंगशेठांचा. शेठांच्या शेतावर आयटी पार्क उभा राहिला आणि मग त्यांना शेताची आठवण येऊ लागली (आधी कामामुळे सवड मिळत नसे). पार्श्वसंगीताला चाळीस व्हायोलिने आणि एक हलगी ठरली. अट एकच. "सायेब, हलगी ऐकून माझं गाव डोळ्यांपुढं उभं राह्यलं पायजे. न्हाई राह्यलं, तर पडद्यावर तुमचं नाव न्हाई." नोकरी सोडताना सुदर्शनने सासऱ्यांना हेच नाव दाखवायचे कबूल केले होते.

स्टुडिओ त्याच आयटी पार्कच्या तळघरात. मार्केट यार्डाकडून ज्ञानदेव हलगी घेऊन आले. पण गार हवेत चामडे सैल पडले. काठी मारली की गादी झोडपल्याचा आवाज येई. "तापवावी लागंल. चार काटक्या पेटवू द्या," ज्ञानदेव म्हणाले.

व्यवस्थापनाने विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला. इमारतीत जाळास पुढील प्रयोजनांसाठी परवानगी होती: वाढदिवसाची मेणबत्ती (एक), लक्ष्मीपूजन (विजेच्या पणत्या) आणि अग्निशमनाचा सराव (जाळ काल्पनिक). हलगी कशातच बसेना. एसी बंद केला, तर व्हायोलिनांचा सूर उतरे.

शेवटी ज्ञानदेवांना गेटबाहेर पाठवले. तिथे हलगी तापली आणि अशी कडाडली, की उभ्या मोटारी आपोआप बोंबलू लागल्या. सुदर्शनच्या अंगावर काटा आला. नोकरी सोडली ते बरेच केले, असे त्याला पहिल्यांदा वाटले. त्याने ते सगळे रेकॉर्ड केले. दरम्यान वरच्या मजल्यांवरून तक्रार आली, की अमेरिकेशी बोलणे चालू आहे.

शेठांना दोन नमुने ऐकवले. एक गेटबाहेरचा, दुसरा संगणकात तयार मिळणारा. पहिल्याला शेठांनी कानांवर हात ठेवले. "डोकं उठलं राव!" दुसऱ्याला त्यांचे डोळे भरून आले. "हीच! आमच्या जत्रंतली हीच हाय!"

सुदर्शनला मनापासून लाज वाटली. नाव पडद्यावर येणार म्हणून हायसेही वाटले. दोन्हींवर त्याने एकच चहा घेतला.

सिनेमा चालला. पाहणाऱ्यांपैकी ब्याण्णव टक्के लोक हलगीपाशी रडले (उरलेले तेव्हा पॉपकॉर्न आणायला गेले होते). सासरेही रडले.

पुढच्या महिन्यात सुदर्शनच्या सोसायटीमागच्या वस्तीत जत्रा भरली. वाजवायला ज्ञानदेवच होते. सोसायटीची तातडीची सभा बसली: लोककलेविषयी आदर आहेच, तथापि ती खिडकीखाली नको. सुदर्शनला विरोध करायचा होता. पण मागची खिडकी त्याचीही होती. त्याने ठरावाच्या बाजूने हात वर केला.

पोलिसांना फोन, वाचकहो, तुम्ही केलात. चौकीतून पत्ता विचारायला उलट फोन आला, तेव्हा तुमच्या मोबाइलवर त्या सिनेमाची हलगी वाजली. ती तुम्ही पूर्ण वाजू दिलीत आणि मग पत्ता सांगितलात.