रहिमचा फोटो

या, जरा जवळ सरका. गाऊन सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण गळा बसलाय, तेव्हा नुसतीच सांगतो.

शस्त्रक्रियेआधी आजार कुठवर पोचलाय हे यंत्राने पाहावं, हे शास्त्र थोर आहे. आमच्या इजिप्तमधल्या तांता शहरात तर ते आजाराचं नाव न घेता चालवतात. (म्हणायचं फक्त 'ते'.) बहीगाखालांच्या गर्भाशयात 'ते' निघालं. डॉक्टर इग्लालबाईंनी भाच्याला, शुक्रीला, समजावलं: एमआरआय करू, 'ते' भिंतीच्या निम्म्याच्या आत असेल तर ऑपरेशन लहान, पुढे पसरलं असेल तर मोठं. "तेव्हा रहिमचा नीट फोटो हवा. काही सुटता कामा नये."

आता आमच्या भाषेत गर्भाशय म्हणजे रहिम, आणि नातंगोतं म्हणजेही रहिमच. घरात 'ते' उच्चारायची बंदी, म्हणून शुक्रीने मोघम निरोप दिला: ऑपरेशनआधी रहिमचा फोटो आहे, कुणी... म्हणजे काही सुटता कामा नये.

मंगळवारी तपासणी केंद्रावर अख्खं रहिम हजर. कडक इस्त्री, भाजके चणे आणि एक शिडी (मागच्या रांगेसाठी). उपस्थिती नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के मयत असल्याने त्यांच्या तसबिरी आणल्या होत्या. म्हशीवरून बहिणीशी, म्हणजे खालांशीच, अबोला धरलेला मितवल्लीसुद्धा दाराशी पाठ करून उभा.

"फोटोपुरता आलोय," तो भिंतीला म्हणाला.

"मग हस, मेल्या," खाला बांगड्या उतरवत म्हणाल्या, आणि आत गेल्या. यंत्र एका वेळी एकच माणूस घेतं, हे कळल्यावर रहिमने व्यवस्थापनाचा रीतसर निषेध नोंदवला. मग आतली ठकठक ऐकू आली, आणि चणे खाणं आपोआप थांबलं.

पडद्यावरचं करडं चित्र दाखवत इग्लालबाई म्हणाल्या, "निम्म्याच्या आत आहे. बाहेर काही गेलेलं नाही."

सगळे आत मावले, म्हणून रहिमने सुस्कारा टाकला. कुणीतरी कुरकुरलं, यात मितवल्ली दिसत नाही.

"दिसतो की," खाला म्हणाल्या. "हा काय ठिपका. उगाच जागा अडवून बसलाय. गुरुवारी काढणार आहेत."

म्हणजे खालांना 'त्या'चं सगळं ठाऊक होतं. मितवल्लीने शिडी उचलली आणि तिच्याआड बराच वेळ नाक शिंकरलं. अबोला संपल्याचं मानण्यात आलं.

हसलात? हसा. तुम्हाला शब्दांचे अर्थ नीट कळतात, म्हणून तुमच्याकडे तपासणीला माणूस एकटाच जातो. आज दुवा मागताना बहीगाखालांची आठवण ठेवा. त्यांना माणसं पुष्कळ आहेत, तरी ठेवा. ओघात कदाचित तुमच्या स्वतःच्या आत्याचं नावही आठवेल.